नीलव्वाने मोडलेला बस्ता

दोन हजार तीन साल. तुळशीची लग्नं लागून गेली होती आणि कोल्हापुरात लगीनसराईला नुकतं तोंड फुटलं होतं. त्या वर्षी महाद्वार रोडवरच्या एका जुन्या कापडदुकानात नीलव्वाने नणंदेच्या मुलीचा बस्ता मोडला. पानबाजारातल्या बायका ती हकिकत पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिल्या आणि प्रत्येकीने ती आपल्या मनासारखी सांगितली. कुणी म्हणायची सूड घ्यायला गेली, कुणी म्हणायची पुण्य करायला गेली. खुद्द नीलव्वाला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "भांडायला गेलतो. दुसरं काय?"

नीलव्वा आणि तिचा नवरा रुद्राप्पा यांचा विड्याच्या पानांचा व्यापार. दुकान बाजारात, घर मागच्याच बोळात. पानमळ्यातून आलेले करंडे सकाळी उतरले की नीलव्वा गोणपाट पसरून पानं निवडायला बसे. पान न् पान उलटून बघायचं. कडेला डाग असेल तर तेवढा कातरायचा. सडायलाच लागलं असेल तर काढून फेकायचं, नाहीतर शेजारची पानं धरतात आणि करंडा हातचा जातो. हे काम हातांचं, त्यामुळे तोंड मोकळं असायचं. त्या तोंडाला सगळा बाजार वचकून असे. तेव्हाचा बाजारही असा होता की बायका या टोकाहून त्या टोकाला ओरडून बोलायच्या आणि कुणाचं काही लपून राहायचं नाही.

नीलव्वाला न भिणारी एकच बाई होती. रुद्राप्पाची थोरली बहीण गंगव्वा. आई गेली तेव्हा रुद्राप्पा अंगावर पिणारा होता. नऊ वर्षांच्या गंगव्वाने त्याला काखेला मारून वाढवलं. त्यामुळे पन्नाशी उलटली तरी बहिणीसमोर त्याची मान वर होत नसे. गंगव्वा राहायची शाहूपुरीत. नवरा लवकर वारला होता. मुलगा वीरेश मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा आणि त्याच्या पाठची शिवांजली, घरच्यांची अंजू, शाळेत शिकवायची.

त्यांच्यात भावाची मुलगी बहिणीच्या मुलाला करायची रीत. बाहेरची पोरगी आणायची म्हटली की तिच्या आजोळापर्यंत चौकशी करावी लागते. आजीला काय झालं होतं, मावशीला कोड होतं का, सगळं खोदून काढतात. घरचीच केली की चौकशी वाचते. पंच्याण्णव साली नीलव्वाची एकुलती एक शांभवी वीरेशला दिली, तेव्हा गंगव्वा मांडवात सगळ्यांना सांगत फिरली होती, "माझ्या भावाचं रक्त माझ्या घरात आलं. आता मला कशाची काळजी न्हाई."

सात वर्षांनी शांभवीच्या छातीत गाठ निघाली. वय एकोणतीस. पदरी मूल नव्हतं. ऑपरेशन झालं, मग ती जहाल औषधं सुरू झाली. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाला चव राहिली नाही. आणि एका दुपारी गंगव्वा रिक्षातून तिला आणि तिच्या ट्रंकेला घेऊन पानबाजारात उतरली.

"घे तुझी पोरगी," ती नीलव्वाला म्हणाली. रस्त्यावरच, सगळ्यांच्या देखत.

नीलव्वा हातातली पानं टाकून उठली. "वन्सं, आत या. हितं नको."

"का? हितं का नको? लोकास्नी कळूंदे की. माझ्या भावाचं रक्त निर्मळ हाय. ही कीड आली ती तुझ्याकडनं. तुझ्या माहेराची चौकशी केली न्हाई, तिथं मी फसलो."

"माझी आई पंच्याऐंशी वर्साची हाय. अजून भाकरी थापतीया."

"मग तिच्या आईकडनं आली असंल! बाईचा रोग बाईकडनंच येतोय. माझ्या भावाला काय छातीचा रोग हुणार हाय?"

रुद्राप्पा दुकानात उभा होता. त्याने खाली बघत ट्रंक उचलली आणि आत नेऊन ठेवली. शांभवी डोक्यावरचा पदर सावरत त्याच्या मागून गेली.

त्या दिवसापासून नीलव्वाच्या कुळाचं नाव बदनाम झालं. तिच्या भाच्यांची स्थळं बघणारे लोक पानबाजारात येऊन हळूच विचारू लागले. भाऊ गारगोटीहून येऊन सांगून गेला, "आक्का, पोरींची लग्नं हुईपर्यंत आमच्याकडं यिऊ नगं." नीलव्वाचं माहेर तुटलं ते गंगव्वाच्या एका वाक्याने.

शांभवीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर तेजस्वी इंगवले मुंबईत शिकून आलेल्या. इतक्या लहान वयात हा आजार, म्हणून त्यांनी एक दिवस आई-बाप दोघांना बोलावलं आणि कागदावर घराणं काढायला घेतलं. बाई असली की गोल, पुरुष असला की चौकोन. ज्याला कॅन्सर झाला त्याला काळं करायचं. नीलव्वाच्या बाजूचे गोल भराभर झाले. आई, चार मावश्या, तीन बहिणी. सगळे कोरेच राहिले.

"आता तुमच्याकडचं," डॉक्टर रुद्राप्पाला म्हणाल्या. "आई कशानं गेल्या?"

"बाळंतरोगानं, असं आक्का सांगती. मला काय आठवत न्हाई."

"आईच्या बहिणी?"

"एक हुती. संकेश्वरला. छातीला फोड झाला हुता म्हणं. लई वास यायचा, म्हणून गोठ्यात ठेवली हुती." बोलता बोलता तो थांबला. जन्मात पहिल्यांदाच त्याने ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं असावं.

डॉक्टरांनी तो गोल काळा केला. मग शांभवीचं आणि त्या दोघांचं रक्त घेऊन मुंबईला पाठवलं. तेव्हा या तपासण्या कोल्हापुरात होत नसत आणि मुंबईतही निकाल यायला महिनेच्या महिने लागत. मधल्या काळात शांभवीचा आजार हाडात उतरला.

निकाल आला तो तुळशीच्या लग्नांच्या आसपास. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सावकाश सांगितलं. "आपल्या शरीरात पेशी सारख्या नव्या होत असतात, एकीच्या दोन होतात. तसं होताना चुका होतात. त्या चुकांवर नजर ठेवणारी प्रथिनं असतात. चूक दिसली की ती पेशीला थांबवतात, वाढू देत नाहीत. दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्त करतात. नसेल तर त्या पेशीला मरायला लावतात."

"मरायला?" रुद्राप्पाने विचारलं.

"हो. बिघडलेली पेशी वेळेवर मेली म्हणूनच माणूस जगतो. कॅन्सरच्या पेशीला थांब म्हणणारं आणि मर म्हणणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून ती वाढतच जाते."

नीलव्वा म्हणाली, "म्हंजी पानं निवडणारी बाईच कामावर आली न्हाई."

डॉक्टरांना पानबाजार माहीत होता. त्या हसल्या नाहीत. "तसंच. आणि प्रत्येक पेशीत हे प्रथिन कसं बनवायचं त्याच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. दुसरीही बिघडली की मग राखण संपली. शांभवीला एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली मिळाली. बीआरसीए म्हणतात त्या जनुकाची."

"कुणाकडनं?" नीलव्वाने विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"वडिलांकडून. तुमच्या रक्तात काही नाही."

रुद्राप्पा म्हणाला, "मी बाप्या माणूस, बाई."

"पुरुषाला हा आजार क्वचित होतो. पण हा बिघाड मुलांना देता येतो, मुलीला आणि मुलालाही. तुमच्या आईकडून तुमच्यात आला असणार. तुमच्या बहिणीतही आला असेल किंवा नसेल. आला असेल, तर तिच्या मुलांमध्येही असू शकतो. मुलगी किती वर्षांची आहे?"

"पंचवीस," नीलव्वा म्हणाली. "पुढच्या महिन्यात लगीन हाय तिचं."

"तिला लवकर घेऊन या. गाठ लहान असताना सापडली तर सगळं वेगळं होतं. शांभवीची लहान असताना आपल्याला सापडली नाही."

बाहेर आल्यावर रुद्राप्पाने बायकोचा हात धरला. रस्त्यात कधी न धरणारा माणूस. "नीले, पाया पडतो. अंजूचं लगीन हुंदे. मग सांगू. वडगावचं स्थळ मोठं हाय. ह्यातलं अवाक्षर गेलं तर मोडतंय. आक्का मरंल."

"आन् माझं माहेर मोडलं तवा कोण मेलं?" नीलव्वाने हात सोडवून घेतला.

घरी येताना तिच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. गप्प बसायचं. आपण काहीच करायचं नाही. गंगव्वाच्या घरात जे यायचं ते आपल्या पायांनी येईल आणि त्या दिवशी ट्रंक घेऊन तिच्या दारात कुणी जायचं, ते बघू. त्या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की तिने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शांभवी अंथरुणावरून सगळं बघत होती. तिने आईकडून निकाल काढून घेतला.

"अव्वा, अंजूला सांग."

"का सांगू? तिच्या आईनं तुला रस्त्यावर आणून टाकलं."

"ते अत्तीनं केलं. अंजू माझ्या उशाशी बसून माझं डोकं चेपायची. ओकारीचं भांडं तिनं धुतलंय, तुझ्या जावयानं न्हाई."

"आईचं पाप लेकीला भोवतंय. मी काय करू?"

शांभवीने भिंतीकडे तोंड केलं. "आईला शिव्या घाल जा. पोटभर घाल. पण पोरीला सांग. न्हाईतर मी तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाई."

नीलव्वाने शिव्या दिल्या, आदळआपट केली आणि दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत गेली. गंगव्वा ओसरीत लग्नाचे सांडगे घालत होती. शिवांजली बाहेर गेली होती. नीलव्वाने उभ्याउभ्याच सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते, जसं आठवेल तसं. रागाने सुरुवात केली होती तरी शेवटी ती नीट बोलली.

गंगव्वाने मान वर केली नाही. "झालं?"

"वन्सं, तुमची आई कशानं गेली?"

सांडगा घालणारा हात ताटावर थांबला. मग पुन्हा चालू लागला. "बाळंतरोगानं. सगळ्या भावकीला म्हाईत हाय."

"खरं सांगा. तुमी नऊ वर्साच्या हुता."

"चल, ऊठ." नीलव्वा बसलेलीच नव्हती, तरी गंगव्वा तसं म्हणाली. "सोताची पोरगी जगत न्हाई म्हणून माझ्या पोरीचं लगीन मोडाय आलीस. डॉक्टरीणबाईला काय खायला घातलंस तवा तिनं माझ्या भावाचं नाव घेतलं? पुन्हा माझ्या दारात दिसलीस तर पोलीस बोलवीन."

तिने दार लावून घेतलं. नीलव्वाने पुढे दोनदा टेलिफोन बूथवरून फोन केला. दोन्ही वेळा वीरेशने उचलला आणि आवाज ओळखून ठेवून दिला. शिवांजलीने शाळेत लग्नासाठी रजा टाकली होती आणि गंगव्वा आता तिला एकटीला उंबऱ्याबाहेर सोडत नव्हती. नीलव्वाला पोरगी गाठायला एकच जागा उरली होती. बस्ता.

लग्नाचे कपडे दोन्हीकडच्यांनी मिळून घ्यायचे, मानापानाच्या साड्या समोरासमोर निवडायच्या, त्याला बस्ता म्हणतात. तेव्हा महाद्वार रोडला बस्त्यासाठी खेड्यापाड्यातून टेम्पो भरून माणसं यायची. नवऱ्या मुलीची मामी म्हणून नीलव्वाचा तिथे मान होता, पण तिला कुणी बोलावलं नव्हतं. मामाला मात्र बोलावलं होतं. रुद्राप्पा सकाळी धुतलेला सदरा घालून, बायकोची नजर चुकवून गेला होता.

नीलव्वा दुकानाची पायरी चढली. पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची माणसं बसली होती. समोर साड्यांचा ढीग पडला होता. पेठ वडगावहून आलेली वराची आई शालूबाई मध्यभागी, चहाचा कप हातात घेऊन. शिवांजलीच्या अंगावर शालू लावून बघत होते.

दुकानदार ओळखीचा. "या वैनी, या! तुमची साडी काढू का? कशातली दावू?"

"मला साडी नको. मी भांडायला आलोय."

दुकानदाराने हातातला गज खाली ठेवला आणि चहावाल्या पोराला आत पिटाळलं.

गंगव्वा उठली. "हिला भाईर काढा. डोकं फिरलंय हिचं पोरीच्या दुखण्यानं."

"फिरलंय. तुमीच फिरवलं. बाजारात उभा राहून सांगितलं न्हवं, कीड माझ्या माहेराची म्हणून? आज हितं सांगतो, पावण्यांच्या म्होरं. मुंबईस्नं रक्त तपासून आलंय. माझ्यात कायबी न्हाई. कीड तुमच्यात हाय वन्सं. तुमच्या आईची, तुमच्या मावशीची."

शालूबाईने कप खाली ठेवला. "काय ओ हे, विहीणबाई?"

"खोटं हाय! माझी आई बाळंतरोगानं गेली."

"मामी," शिवांजली पांढरीफटक पडली होती, "घरी जावा. पाया पडते."

"पाया नंतर पड. आदी डॉक्टरकडं जा. तुला सांगायला आलोय. तुझ्या आईनं दार लावलं, भावानं फोन आपटला, मग मी आनि कुठं सांगू? तुझ्या अंगात ते असंल, नसंल. असलं तर आता सापडलं पायजे. शांभवीगत उशिरा न्हाई."

"पुरावा काय?" गंगव्वा किंचाळली. "ही म्हणती म्हणून? माझ्या पोरीला डाग लावती ही, पुरावा काय हिच्याकडं?"

नीलव्वा नवऱ्याकडे वळली. तो भिंतीला टेकून, साडीच्या घडीवर हात ठेवून बसला होता. "तुमी सांगा. तुमच्या रक्तात गावलं का न्हाई?"

रुद्राप्पाने बहिणीकडे पाहिलं. गंगव्वा त्याच्याकडेच बघत होती. त्याला काखेला मारून विहिरीवर नेणारी, आपल्या वाटणीची भाकरी त्याला भरवणारी. तिच्या डोळ्यांत आता दटावणी नव्हती, विनवणी होती. तसे तिचे डोळे त्याने कधी पाहिले नव्हते.

"सांगा की! तोंड शिवलंय व्हय?"

"गावलं," रुद्राप्पा म्हणाला.

"रुद्रा!"

"गावलं, आक्का. माझ्यातनंच शांभवीला गेलं." मग त्याला रडू फुटलं. "आई बाळंतरोगानं गेली न्हाई. तुला म्हाईत हाय. तू सांग."

गंगव्वा मटकन गादीवर बसली. मग कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "आईच्या छातीची फडकी मी धूत हुतो. गावात कळलं असतं तर मला कुणी केली असती?"

तेवढ्यावर बस्ता मोडला. शालूबाई चपला घालता घालता म्हणाली, "आमाला हे आदी सांगायचं हुतं," आणि माणसं घेऊन टेम्पोत बसली. शिवांजलीने अंगावरचा शालू काढून घडी घातली, नीलव्वाच्या समोर आली आणि म्हणाली, "मामी, तुमचं तोंड मला पुन्हा दाखवू नका." नीलव्वा म्हणाली, "नको बघूस. डॉक्टरचं बघ."

आठवडा गेला. मग एका सकाळी शिवांजली आईला न सांगता सिटी बसने एकटी डॉक्टर इंगवल्यांकडे गेली. आंघोळ करताना तिच्या हाताला काहीतरी लागत होतं, दिवाळीच्याही आधीपासून. लग्नानंतर बघू, असं ती स्वतःला सांगत आली होती. गाठ चिंचोक्याएवढी होती. संक्रांत झाल्यावर ऑपरेशन झालं. रक्तात तेच निघालं जे तिच्या मामात होतं, म्हणजे ते तिच्या आईतून आलेलं होतं.

शांभवी दोन हजार पाच साली पानबाजारातल्या घरातच गेली. मातीला गंगव्वा आली होती. नीलव्वाने तिला आत येऊ दिलं, पण तिच्याशी शब्द बोलली नाही. वीरेशने सहा महिन्यांत हुपरीकडची मुलगी केली. त्याने रक्त तपासून घेतलं ते बहिणीने दुकानात ठाण मांडल्यावर. त्याच्यात काही निघालं नाही. गंगव्वाने स्वतःची तपासणी शेवटपर्यंत करून घेतली नाही. पोरगी वाचली ती देवामुळे आणि लगीन मोडलं ते नीलव्वामुळे, असं ती मरेपर्यंत सांगत होती, आणि मेली ती ऐंशीच्या पुढे, झोपेत. शालूबाईच्या मुलाचं त्याच मोसमात दुसरीकडे जमलं. डॉक्टर इंगवले काही वर्षांनी पुण्याला गेल्या. रुद्राप्पाने बस्त्याच्या दिवसानंतर बहिणीच्या घरची पायरी चढायचं सोडलं. दोन हजार नऊ साली हृदयाच्या झटक्याने तो दुकानातच कोसळला. नीलव्वाचं माहेर पुन्हा जोडलं गेलं, पण तिने तिथे जेवण कधी केलं नाही. चहा पिऊन परत यायची.

शिवांजलीने लग्न केलं नाही. गारगोटीला हायस्कुलात लागली, तिथेच खोली घेतली. पाचेक वर्षं, अगदी शांभवीच्या मातीलाही, तिने मामीचं तोंड पाहिलं नाही. मग मामाच्या मातीला आली आणि नंतर येतच राहिली, वर्षातून एकदोनदा. तिने कधी आभार मानले नाहीत. नीलव्वानेही कधी तिला ये म्हटलं नाही. दारात दिसली की ती पानं निवडता निवडता मान वर करून विचारी, "तपासून आलीस?" आणि ती हो म्हणाली की मग पाण्याचा तांब्या पुढे करी.